हरणाच्या सीझनमध्ये हायवेवरचं चेक स्टेशन: बॅगा उघडून दाखवायलाच लागतात का?

रानवाटा

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली.

अमेरिकेत येऊन १४ वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे. ऑफिसातल्या एका मित्रामुळे शिकारीची गोडी लागली, रीतसर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, टॅग (एक हरीण मारायच्या परवानगीची चिठ्ठी) घेतला आणि यंदा पहिल्यांदाच हरीण मिळालं. म्यूल डिअरचा नर. राज्य कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, पश्चिमेकडचं एक समजा.

रविवारी संध्याकाळी परत येत होतो. मी, मित्र आणि मागच्या सीटवर माझी ११ वर्षांची मुलगी. पिकअपमागे दोन कूलर, त्यात पिशव्यांमध्ये बांधलेलं मांस, डोकं आणि शिंगं ताडपत्रीत गुंडाळलेली. घाट उतरून खाली आलो तर नारिंगी कोन मांडलेले आणि पाटी, सगळ्या शिकाऱ्यांनी थांबावं. थांबलो. एक बायॉलॉजिस्ट मुलगी आली, लायसन्स आणि टॅग बघितला, टेलगेट उघडून हरणाचा जबडा टॉर्चच्या उजेडात तपासला, शिंगं मोजली, गळ्यातून कसल्यातरी गाठी कापून पिशवीत घातल्या, माझ्या लेकीला बोलावून दात दाखवले, वय कसं ओळखायचं ते सांगितलं. लेक खूश. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग दुसरा एक युनिफॉर्ममधला ऑफिसर खिडकीशी आला आणि म्हणाला, गाडीतलं बाकीचं सामान बघितलं तर चालेल ना? मी विचारच केला नाही, हो म्हणून टाकलं. त्याने ग्लोव्ह बॉक्स उघडला, मित्राची बॅग उघडली, माझी उघडली आणि शेवटी लेकीची शाळेची बॅग पण उघडली, वह्या बाहेर काढल्या, तिची छोटी डायरी असते ती चाळून परत ठेवली. काही मिळालं नाही, मिळण्यासारखं नव्हतंच. गुड इव्हिनिंग म्हणाला आणि सोडलं. आवाज चढवला नाही की काही नाही. पण माझे हात थरथरत होते हो, आणि गाडी हायवेला लागल्यावर लेकीने विचारलं, बाबा आपण काही चुकीचं केलं का?

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. थांबणं बंधनकारक आहे हे मला माहीत होतं, पण बॅगांचं काय? मी नाही म्हणू शकलो असतो का, आणि म्हणालो असतो तर लायसन्सवर किंवा ग्रीन कार्डवर काही आलं असतं का? माझ्या लायसन्समुळे मित्राची आणि मुलीची पण झडती घ्यायचा हक्क मिळतो का? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

पाणलोट

रानवाटा, आधी पहिल्या हरणाबद्दल अभिनंदन! लेक सोबत होती हे तर अजून छान.

मी आयडाहोत १६ वर्षं शिकार करतोय, दर ऑक्टोबरमध्ये एकदा तरी चेक स्टेशन लागतंच. तुमचं राज्य वेगळं असेल तर बारीकसारीक नियम वेगळे असतील, पण सांगाडा साधारण सारखाच. आयडाहो, मोंटाना, वायोमिंग इथे चेक स्टेशन वाटेत लागलं तर शिकाऱ्याने थांबायचंच, हरीण मिळालेलं असो नाहीतर रिकाम्या हाताने परत येत असो. बरेच नवीन लोक इथेच चुकतात, मला कुठे काय मिळालंय म्हणून पुढे निघून जातात आणि मग मागे लाल-निळे दिवे लागतात. लायसन्स, टॅग आणि प्राणी दाखवणं हे शिकारीबरोबर येणारं कर्तव्य आहे, त्यात परवानगीचा प्रश्न नाही.

त्या मुलीने जबडा का बघितला ते पण सांगतो कारण मला ते फार आवडतं. खालच्या जबड्यातली पुढून तिसरी दाढ बघतात, ती दुधाची असेल तर तिला तीन उंचवटे असतात आणि पडून पक्की आली की दोन, हे साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान होतं. त्यावरून कळपात तरुण नर किती उरलेत, हिवाळ्यात पिल्लं किती वाचली याचा अंदाज लागतो आणि पुढच्या वर्षी किती टॅग द्यायचे ते ठरतं. गळ्यातल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड, त्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणजे सीडब्ल्यूडीच्या टेस्टसाठी. हा रोग प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो, हरीण वाळत जातं आणि मरतं, औषध नाही. कोलोरॅडोत १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला, आमच्याकडे आयडाहोत २०२१ मध्ये सापडला, तेव्हापासून काही भागांतून अख्खं धड बाहेर न्यायलाही बंदी आहे, मांस हाडावरून सोडवून आणायचं, मेंदू आणि मणका तिथेच सोडायचा. म्हणून चेक स्टेशनवर मी स्वतःहून थांबतो, पाटी नसती तरी थांबलो असतो.

टॅगचं पण नीट बघत जा. आमच्याकडे हरीण पडल्यावर लगेच टॅगच्या कडेचे दोन त्रिकोण पूर्ण कापून काढायचे, एक महिन्याचा आणि एक तारखेचा, आणि टॅग धडाला बांधायचा. पेनाने खूण केली तर चालत नाही, घरी गेल्यावर कापतो म्हटलं तर चालत नाही. काही सीझनमध्ये नर की मादी हे कळेल असा अवयव पण मांसाला चिकटलेला ठेवावा लागतो. चांगली चांगली माणसं या दोन गोष्टींवर दंड भरताना मी पाहिलीत.

पण शाळेची बॅग? ते मला पण खटकलं. त्यात हरीण मावत नाही. कायद्याचं इथे दुसरं कोणीतरी जास्त नीट सांगेल.

सह्यकडा

मला यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही दिसत नाही. कर नाही त्याला डर कशाला? त्याने विचारलं, तुम्ही हो म्हणालात, काही निघालं नाही, विषय संपला.

दुसरी बाजू पण बघा. गेम वॉर्डन म्हणजे शिकार खात्याचा ऑफिसर, हा असा माणूस आहे की ज्याला रोज भेटणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे बंदूक असते आणि बरेचदा तो एकटाच असतो, मदत पोचायला तास लागतो. माझ्या ओळखीच्या एका रँचरच्या शेतात रात्री स्पॉटलाइट मारून हरणं मारली, फक्त शिंगं कापून नेली, बाकी धड तसंच सडायला टाकलं. सकाळी आम्ही बघायला गेलो होतो, चार धडं ओळीने पडलेली. ते बघितल्यावर मला वाटलं की या लोकांना पकडायला माझी गाडी दहादा तपासली तरी चालेल. चेक स्टेशन नसतं तर हे लोक बिनधास्त हायवेने निघून गेले असते.

तिसरी_घंटा

मी वकील नाही हे आधीच सांगते, पण घरच्या एका केसच्या निमित्ताने या विषयावरचे निकाल बसून वाचले होते, तेव्हा जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी घटनादुरुस्ती १७९१ ची, सरकारने विनाकारण झडती घ्यायची नाही आणि अडवायचं नाही. गाडी अडवणं म्हणजे सुद्धा अडवणंच. १९७९ च्या डेलावेअर विरुद्ध प्राउस केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसाला वाटलं म्हणून संशय नसताना एखादी गाडी उगाच लायसन्स बघायला थांबवता येणार नाही. पण त्याच निकालात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी वेगळं मत लिहून म्हटलंय की या निकालाची सावली गेम वॉर्डनच्या तपासणीवर पडू नये असं मला वाटतं. म्हणजे शिकारीचा विषय तेव्हापासूनच थोडा वेगळा धरला गेलाय.

मग १९९० ची मिशिगनची सिट्झ केस, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचा नाका. तिथे ७५ मिनिटांत १२६ गाड्या थांबवल्या होत्या, प्रत्येकीला सरासरी २५ सेकंद लागले, कोर्टाने ते चालेल म्हटलं. गंमत म्हणजे तीच केस मिशिगनमध्ये परत गेली तेव्हा तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये आमच्या राज्यघटनेत हे बसत नाही म्हणून नाका बंद केला. त्यामुळे तुमचं राज्य कोणतं याला खरंच महत्त्व आहे. आणि २००० साली इंडियानापोलिस विरुद्ध एडमंड, यात ड्रग्ज शोधायला लावलेला नाका घटनाबाह्य ठरला, कारण त्याचा मुख्य हेतू रस्त्याची सुरक्षा नव्हता, नेहमीची गुन्हे पकडण्याची कामं होती. रानवाटा, तुमच्या प्रश्नासाठी मला हीच केस सगळ्यात महत्त्वाची वाटते. नाका कशासाठी लावलाय त्यावर तो टिकतो की नाही ते ठरतं.

आता खास शिकारीच्या नाक्यांचं. ओरेगनच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये टोर्टिलॉट केसमध्ये असा नाका मान्य केला, तिथे तर सापडला होता लायसन्स सस्पेंड असलेला ड्रायव्हर, हरणाचा संबंधच नाही, तरी कोर्ट म्हणालं नाका मुळात वन्यजीवांसाठी नीट लावला होता. पाणलोट यांच्या आयडाहोत दोन उलटसुलट निकाल आहेत. १९९५ च्या मेडली केसमध्ये नाक्यावर शिकार खात्याबरोबर इतर खात्यांचे लोक पण उभे होते आणि कोर्टाने ते अडवणं अवैध ठरवलं. १९९९ च्या थर्मन केसमध्ये मात्र शिकार खात्याचा स्वतःचा नाका मान्य झाला. कॅलिफोर्नियात २०११ ची मायकिओ केस आहे, वॉर्डनने समुद्राच्या धक्क्यावर लांबून दुर्बिणीतून एकाला काहीतरी पकडून बॅगेत टाकताना पाहिलं, तीन-चार ब्लॉक पुढे गाडी थांबवली आणि बंदीच्या काळातली शेवंड निघाली. कोर्टाने सांगितलं की मासेमारी किंवा शिकार करून आलेल्याला थांबवून काय पकडलं ते दाखव म्हणणं योग्य आहे.

या सगळ्यातून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. थांबणं, लायसन्स, टॅग, जनावर, ज्या कूलरमध्ये मांस आहे तो कूलर, हे एकीकडे. ग्लोव्ह बॉक्स, कपड्यांची बॅग, मुलीचं दप्तर, फोन हे दुसरीकडे. दुसऱ्यासाठी त्याला एकतर तुमची संमती पाहिजे नाहीतर ठोस कारण. ठोस कारण म्हणजे उदाहरणार्थ पिकअपमागे ताजं रक्त आणि केस दिसतायत आणि तुम्ही म्हणता हरीण मिळालंच नाही. तसं असेल तर १९२५ च्या कॅरोल निकालापासून गाडीच्या झडतीला वॉरंट पण लागत नाही.

आता संमती. १९७३ च्या श्नेक्लॉथ निकालाप्रमाणे ऑफिसरने तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे हे सांगणं बंधनकारक नाही. म्हणून तर तो चालेल ना असं विचारतो. ज्या गोष्टीचा त्याला हक्क असतो ती तो विचारत नाही, सांगतो. तुमच्याच पोस्टमध्ये बघा, त्या मुलीने जबडा बघायची परवानगी मागितली असं तुम्ही लिहिलेलं नाही, बॅगांसाठी मात्र विचारलं गेलं. तुम्ही नाही म्हणू शकला असता. नुसतं नाही म्हटलं म्हणून ते संशयाचं कारण धरता येत नाही.

सह्यकडा, त्या चार धडांचं वाचून मला पण वाईट वाटलं, खरंच. पण ते लोक शाळेच्या दप्तरात पकडले जात नाहीत, ते पकडले जातात जबडा, टॅग आणि पिकअपचा मागचा भाग बघून, आणि ते बघायचा अधिकार वॉर्डनकडे आधीपासूनच आहे.

रानवाटा

तिसरी_घंटा, खूप खूप आभार. विचारतो आणि सांगतो यातला फरक माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आपल्याला लहानपणापासून सवय असते ना, समोर युनिफॉर्म आला की मुकाट्याने हो म्हणायचं. आणि मला वाटलं नाही म्हटलं तर उद्धटपणा दिसेल, लेकीसमोर वाद नको.

मित्राचं राहिलं. त्याच्या बॅगेला मी हो म्हणालो, तो गप्प बसला होता.

पाणलोट

रानवाटा, मित्राच्या बॅगेला खरं तर त्यानेच हो किंवा नाही म्हणायला हवं होतं. ज्याची बॅग त्याची परवानगी, आणि बॅग कोणाची ते ठाऊक असताना दुसऱ्याच्या होकारावर ती उघडणं कोर्टात टिकवणं अवघड जातं. पण गाडी तुमची, तुम्ही सगळ्यासाठी हो म्हणालात आणि तो शेजारी बसून काही बोलला नाही, तर नंतर भांडायला फारसं उरत नाही. पुढच्या वेळी निघायच्या आधी गाडीतच ठरवून ठेवा, ज्याचं त्याने बोलायचं.

आणि कर नाही त्याला डर कशाला या म्हणीबद्दल. सह्यकडा, तुमचा मान राखून सांगतो, आमच्याकडे हे घडलंय. माझ्याबरोबर येणारा एकजण, साधा सरळ माणूस, ओरेगनमध्ये दुकानात कायदेशीर मिळणाऱ्या गांजाच्या गमी त्याच्या बायकोने गुडघेदुखीसाठी आणल्या होत्या, त्यातलं पाकीट त्याच्या जॅकेटच्या खिशात राहिलं. सीमा ओलांडून आयडाहोत आलं की तीच गोष्ट गुन्हा. जॅकेट माझ्या गाडीत मागे पडलेलं, मला पत्ता नाही. आम्हाला कोणी तपासलं नाही म्हणून निभावलं. पण मी तेव्हा ग्रीन कार्डवर होतो, आणि गांजा फेडरल कायद्यात अजून बेकायदाच आहे, नागरिक नसलेल्याला ते प्रकरण किती महागात पडलं असतं विचार करा. मी काहीच केलं नव्हतं हो. गाडीत चार माणसांचं सामान असताना आपल्याकडे काय नाही याची खात्री आपण देऊच शकत नाही.

सह्यकडा

पाणलोट, हे मात्र पटलं. या बाजूने मी विचार केला नव्हता. तरी माझं म्हणणं एवढंच की नाही म्हणताना सूर नीट ठेवा. काही लोक व्हिडिओ बघून येतात आणि लायसन्स दाखवायलाच नकार देतात, खिडकी दोन बोटं खाली करून कलमं ऐकवतात. त्याने त्या बिचाऱ्या बायॉलॉजिस्ट पोरांचं काम अडतं, मागे पन्नास गाड्यांची रांग लागते.

तिसरी_घंटा

अगदी बरोबर, आणि लायसन्स न दाखवणं हा स्वतःच गुन्हा आहे, तिथे कुठलीही घटनादुरुस्ती वाचवत नाही.

नाही कसं म्हणायचं ते लिहिते, कारण ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. इंजिन बंद, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर. रायफल कुठे आहे ते त्याने विचारायच्या आधी सांगा, भरलेली नाही हे पण सांगा. गाडीत भरलेली रायफल पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात बेकायदा आहे, आणि जिथे चालते तिथेही लहान मूल सोबत असताना ती रिकामीच असलेली बरी. लायसन्स, टॅग आणि कूलर दाखवा, काय कुठे मारलं ते खरं सांगा, खोटं सांगायचं नाही, खोटं सांगणं हे गप्प बसण्यापेक्षा कितीतरी वाईट. आणि बॅगांचं विचारलं की हसून म्हणा, ऑफिसर, आय डोन्ट कन्सेंट टू अ सर्च ऑफ अवर पर्सनल बॅग्ज. झालं. कारण द्यायची गरज नाही. त्यानंतर विचारा, आर वी फ्री टू गो? तरीही त्याने बॅग उघडलीच तर हात आडवा घालू नका, फक्त शांतपणे परत एकदा सांगा की माझी संमती नाही. भांडण तिथे रस्त्यावर करायचं नाही, ते कोर्टात होतं, आणि संमती दिलेली नसेल तरच होतं.

आणि वेळेचं. २०१५ च्या रॉड्रिग्ज निकालात कोर्टाने म्हटलंय की ट्रॅफिकसाठी थांबवलेल्याला ते काम संपल्यावर दुसऱ्याच कारणासाठी, तिथे ड्रग्ज हुंगणाऱ्या कुत्र्यासाठी, सात-आठ मिनिटं जास्त थांबवणं पण चालत नाही, वेगळा संशय असेल तरच. चेक स्टेशनला पण हाच विचार लागू व्हावा असं माझं मत आहे.

ग्रीन कार्ड मात्र जवळ ठेवा. १८ वर्षांवरच्या प्रत्येक कार्डधारकाने ते बरोबर बाळगायचं असा फेडरल नियम आहे, जंगलात भिजेल म्हणून घरी ठेवू नका, झिप पिशवीत घाला. बॅगेला नाही म्हटलं म्हणून ग्रीन कार्डवर काही येत नाही.

मोगरा७८

मध्येच विचारते, माझा नवरा एच-वन-बी वर आहे आणि त्याला पण मित्र घेऊन जातो म्हणतायत. त्याला रायफल हातात घेता येते का?

पाणलोट

मोगरा, हे नीट वाचा. व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला साधारणपणे बंदी आहे. एक मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स त्याच्याकडे असेल तर. म्हणजे आधी लायसन्स, मग रायफलला हात. आणि लायसन्सची मुदत संपली की अपवाद पण संपला, हे बरेच जण विसरतात. मित्राची रायफल नुसती धरली तरी ती बाळगणं धरलं जाऊ शकतं. चेक स्टेशनवर लायसन्स सापडत नाही अशी वेळ त्याच्यावर आली तर त्याची अडचण नुसत्या दंडापुरती राहणार नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, यात घाई नको.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला काल रात्री बसवून सांगितलं की आपण काही चुकीचं केलं नव्हतं, त्या काकांनी विचारलं आणि बाबा हो म्हणाला, नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. तिने मला सरळ विचारलं, मग माझी बॅग होती तर मला का नाही विचारलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉरी म्हणालो.

एक शेवटचं, त्या गाठींचा रिपोर्ट अजून आलेला नाही. मांस फ्रीझरमध्ये आहे, शनिवारी पाहुणे येणार आहेत. खायला काढू का?

पाणलोट

नको, थांबा. रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, सीझनमध्ये लॅबवर ताण असतो. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर आढळलेलं नाही पण सीडीसी (सरकारी रोगनियंत्रण संस्था) सांगते की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ते मांस खाऊ नका. या हरणाचं मांस वेगळ्या कप्प्यात ठेवा, पिशव्यांवर तारीख आणि चेक स्टेशनवर मिळालेल्या सॅम्पलचा नंबर लिहून ठेवा. नंबरची चिठ्ठी टॅगबरोबर दिली असेल, राज्याच्या साइटवर तो टाकला की निकाल दिसतो.

रानवाटा

चिठ्ठी सापडली, ग्लोव्ह बॉक्समध्येच होती. नंबर टाकला, अजून पेंडिंग दाखवतंय. शनिवारी पाहुण्यांना वरण-भात.